तीन फायली, एक आई

दसरा जवळ आला की आमच्या कामाला जोर चढतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत या तालुक्यांतली माणसं ऊसतोडीला निघायच्या तयारीत असतात. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते आणि दवाखान्यात, लग्नात, बियाण्यात ती संपलेलीही असते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दिवाळीच्या आगंमागं ती गाव सोडते, ती चैत्र-वैशाखात परतते. ज्या मुलाची आई या मधल्या महिन्यांत कुठल्या तरी फडावर कोपी घालून राहिलेली असते, त्याच्या गृहचौकशीला गेलं तर घराला कुलूप दिसतं. शेजारी सांगतात, "ते गेले की कारखान्यावर." कोणत्या कारखान्यावर, ते मुकादमालाच ठाऊक. मग अहवालात एक ओळ येते, ‘पालक आढळून आले नाहीत’, आणि त्या ओळीवर मुलाचं पुढचं वर्ष ठरून जातं. म्हणून गावोगावच्या भेटी दसऱ्याच्या आत उरकायच्या हा आमचा पहिला नियम. कायद्याच्या पुस्तकात तो सापडणार नाही.

नगर जिल्ह्यात, २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर, मी एका स्वयंसेवी संस्थेच्या वतीनं बालगृहांतल्या मुलांच्या सेवांचा समन्वय पाहते. हे काम नेमकं काय, असं घरचेही विचारतात. बालगृहातल्या एकेका मुलाभोवती किती कार्यालयं उभी असतात ते पाहिलं की उत्तर मिळतं. त्याला ठेवायचं की घरी पाठवायचं हे बाल कल्याण समिती ठरवते. एक अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला दंडाधिकाऱ्यांचे अधिकार असतात. योजना आणि देखरेख जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. राहणं-खाणं बालगृहात, शिक्षण गावातल्या शाळेत, औषधोपचार जिल्हा रुग्णालयात. मुलावर अत्याचार झाला असेल तर पोलिस ठाणं, सरकारी वकील आणि न्यायालय आलं. दाखले तहसीलमध्ये. आणि आई, मामा किंवा आजी कुठल्या तरी वाडीवर. यातला प्रत्येक जण आपलं काम करत असतो. पण शाळेत बाईंना जे कळलं ते समितीला कळलं का, दवाखान्यातल्या चिठ्ठीवर जे लिहिलंय ते स्वयंपाकघरात पोहोचलं का, हे बघायला कोणी मोकळं नसतं. कागदावर ती जबाबदारी कक्षाची आहे. पण १४ तालुके आणि १७ हजार चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यांत मोठा. कक्षातली मोजकी कंत्राटी माणसं किती ठिकाणी पुरणार? तिथं आम्ही हातभार लावतो.

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाच्या एखाद्या ठाकर वाडीवरून आईला समितीपुढं यायचं तर आधी राजूर, मग अकोले, संगमनेर आणि मग नगर. शंभराहून जास्त किलोमीटर. तारीख सकाळची असेल तर ती आदल्या दिवशी निघते. एक रात्र स्टँडवर, दोन दिवसांची मजुरी बुडाली, तिकिटाचे पैसे वेगळे. एवढं करून आल्यावर आज समितीची बैठक नाही किंवा अहवाल आलेला नाही असं कळलं, की पुढच्या तारखेला ती येत नाही. मग फाईलवर शेरा पडतो, ‘पालक उदासीन’. हा शेरा वाचला की मला राग येतो. तारखेच्या आदल्या दिवशी त्या बाईला, नाही तर तिच्या वाडीतल्या आशाताईला किंवा अंगणवाडी सेविकेला एक फोन करायचा, आणि अहवाल खरंच तयार आहे का हे आधी पाहून मगच तिला बोलवायचं. आमच्या दिवसातला पुष्कळ वेळ असल्या फोनांत जातो, आणि मी तो सत्कारणी लागला असं मानते.

बालगृहातल्या मुलांना लोक सरसकट अनाथ म्हणतात. देणगी द्यायला येणारे तर हमखास म्हणतात. प्रत्यक्षात ज्यांचं जगात कोणीच नाही अशी मुलं मला फार थोडी भेटली. बहुतेकांना आई असते. नवरा दारूनं गेलेला, किंवा टाकून गेलेला, आणि ती दुसऱ्याच्या वावरात मजुरीला. कोणाचे वडील तुरुंगात, कोणाची आई एचआयव्हीनं खंगलेली. कोणी घरच्या मारहाणीला कंटाळून मनमाड-दौंड मार्गावरच्या गाडीत बसून नगरला किंवा कोपरगावला उतरलेलं. कोणी शिर्डीत मंदिराच्या रस्त्यावर हात पसरताना सापडलेलं. बालविवाह ऐन हळदीत थांबवून आणलेल्या मुली असतात. त्यांचे आईवडील दुसऱ्या दिवशी दारात येऊन रडत उभे राहतात, कारण उसाच्या फडावर वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न असतो. बाल न्याय अधिनियम २०१५ चा आहे. सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत समितीपुढं हजर करा, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्या, चार महिन्यांत चौकशी संपवा, प्रत्येक मुलाचा स्वतंत्र काळजी आराखडा करा, असं तो सांगतो. आणि संस्थेत ठेवणं हा सगळे उपाय थकल्यावरचा शेवटचा उपाय आहे, हे त्याच्या मूळ तत्त्वांतच लिहिलेलं आहे. आमच्याकडे पुष्कळदा तो पहिला उपाय होतो, कारण तो सगळ्यांत सोपा असतो. बालगृहाचं दार एका आदेशावर उघडतं. घराचं दार उघडायला पाच कार्यालयांना एकमेकांशी बोलावं लागतं.

एका कुटुंबाची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

शिर्डी परिसरात तीन भावंडं सापडली. थोरली नऊ-दहा वर्षांची, मधला मुलगा सहा-सात वर्षांचा, आणि कडेवरचं एक धाकटं. मुलींचं बालगृह वेगळं, मुलांचं वेगळं. सहा वर्षांखालच्या बाळासाठी शिशुगृह, तेही त्या वेळी जागा मिळाली ती दुसऱ्या जिल्ह्यात. एका दिवशी एका रस्त्यावर सापडलेली तीन मुलं तीन गावांना गेली आणि त्यांच्या तीन फायली झाल्या. तिन्ही ठिकाणच्या समाजसेविकांनी प्रामाणिकपणे काम केलं, हे मी आधीच सांगून टाकते. थोरलीच्या प्रवेश अर्जात तिनं सांगितलेलं आईचं नाव होतं, मामाच्या गावाचं नाव होतं आणि तिला पाठ असलेला मामाचा मोबाईल नंबर होता. तो लागत नव्हता. मधल्यानं सांगितलं होतं, आई मेली. तेच त्याच्या फाईलमध्ये होतं. बाळ बोलतच नव्हतं. त्याच्या फाईलवर लिहिलेलं होतं, ‘बेवारस, पालकांचा शोध सुरू’. नियमाप्रमाणे वर्तमानपत्रात फोटोसह जाहिरात आली होती. दोन वर्षांपर्यंतच्या सोडून दिलेल्या बाळाच्या बाबतीत दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाच्या बाबतीत चार महिन्यांत, पालक मिळाले नाहीत तर ते दत्तकासाठी मुक्त आहे असं समिती जाहीर करू शकते. ही मुदत मुलांच्या भल्यासाठीच घातलेली आहे. घर वाट पाहत असताना बाळानं संस्थेत वर्षानुवर्षं कुढू नये म्हणून. पण या बाळाच्या बाबतीत ते घड्याळ चालू झालेलं होतं.

तिन्ही प्रवेश अर्ज एका टेबलावर शेजारी शेजारी मांडले तेव्हा पहिल्यांदा कळलं की ही एकाच आईची मुलं आहेत आणि त्या आईचा पत्ता यांतल्या एका कागदावर आहे. नंबर लागत नव्हता, पण मामाचं गाव मराठवाड्यातलं होतं आणि गावाला ग्रामपंचायत होती, शाळा होती. शाळेच्या मुख्याध्यापकांनी जुन्या हजेरीपटात थोरलीचं नाव शोधून काढलं. पहिलीत काही महिने ती तिथं शिकली होती. त्या पानावर आईचं नाव होतं. मामाला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून कोणी बोलेना, नुसता श्वास ऐकू येत होता. मग एक बाई म्हणाली, "ताई, तिघं बी हायेत का?"

ती क्षयानं आजारी पडून दुसऱ्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात भरती झाली होती. मुलांना ओळखीच्या एका बाईकडे ठेवून गेली होती. त्या बाईनं काही दिवस सांभाळलं, नंतर मुलं रस्त्यावर आली. मधल्याला कोणी तरी सांगितलं होतं की तुझी आई आता येत नाही. त्यानं त्याचा अर्थ लावला आणि तोच अर्थ सरकारी कागदावर सत्य होऊन बसला. बरी झाल्यावर आईनं शोधाशोध केली. पोलिसांत जायला ती घाबरली, कारण तिच्याकडं ती त्यांची आई आहे हे दाखवणारा एकही कागद नव्हता.

इथं गोष्ट संपत नाही. आई सापडली म्हणजे मुलं दुसऱ्या दिवशी घरी गेली, असं होत नाही आणि होऊही नये. तिला राहायला जागा नव्हती, औषधांचा कोर्स चालू होता, भाऊ ठेवून घ्यायला तयार होता, भावजय नव्हती. त्यांच्या जिल्ह्यातल्या कक्षाकडून गृहचौकशी अहवाल यायचा होता. तो यायला वेळ लागला. दरम्यान शिशुगृहाला आणि तिथल्या समितीला लेखी कळवून दत्तकाची प्रक्रिया थांबवली. तिघांना महिन्यातून एकदा एका ठिकाणी आणायचं ठरवलं. गाडी कोणाची, डिझेल कोणाचं, सोबत कोण, आदेश कोणाचा, एवढ्या गोष्टी जुळल्या की एक भेट होई. पहिल्या भेटीत बाळानं थोरल्या बहिणीला ओळखलं नाही. ते शिशुगृहातल्या मावशीच्या पदराला धरून बसलं. थोरली त्याच्यासाठी आपल्या जेवणातली जिलबी कागदात बांधून घेऊन आली होती, ती तिनं त्याच्या पुढ्यात ठेवली आणि लांब जाऊन बसली. मधल्यानं मला विचारलं, "आई मेलीय का नाय, नक्की सांगा."

पुढे भावानं घराला लागून एक खोली काढून दिली. थोरली आणि मधला आधी गेले. धाकटं सगळ्यांत शेवटी, आईची थुंकीची तपासणी ठीक आल्यावर. ते मावशीला सोडून जायला तयार नव्हतं, म्हणून मावशी त्याच्याबरोबर गेली आणि एक रात्र तिथं राहिली. असा खर्च कुठल्या शीर्षात टाकायचा याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. मला वाटतं, त्या एका रात्रीनं जे केलं ते कुठल्याच समुपदेशनानं झालं नसतं.

तेव्हापासून आम्ही ज्या ज्या बालगृहांबरोबर काम करतो तिथं अर्जाच्या पहिल्याच पानावर, मुलाच्या नावाखाली, भावंडांची नावं आणि ती सध्या कुठं आहेत ते लिहायचा आग्रह धरतो. आणि मूल पंधरा दिवसांनी, महिन्यानं पुन्हा काय सांगतं तेही लिहून ठेवायला सांगतो. पहिल्या दिवशी घाबरलेलं मूल काहीही सांगतं. खरं नाव, खरं गाव ते सांगतं महिन्याभरानंतर, रात्री झोपताना, काळजीवाहक मावशीला. बालगृहात मुलाबद्दल सर्वांत जास्त माहिती असते ती या मावशींना. कोण अंथरूण ओलं करतं, कोण जेवण लपवून ठेवतं, कोणाला शनिवारी आईची आठवण येते, सगळं. त्यांचं मानधन सर्वांत कमी आणि काळजी आराखड्याच्या बैठकीत त्यांना खुर्ची नसते. आम्ही त्यांना बैठकीत बसवायला लागलो. सुरुवातीला त्या बोलायच्या नाहीत, साहेब लोकांपुढं काय बोलायचं म्हणून. एकदा एका मावशींनी सांगितलं, "तो पोरगा मठ्ठ नाही, त्याला डाव्या बाजूनं हाक मारली की ऐकू येत नाही." तपासणीत ते खरं निघालं. दोन वर्षं तो वर्गात मागच्या बाकावर ‘अभ्यासात मागे’ म्हणून बसत होता.

कागदांबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. बाहेरच्या माणसाला वाटतं, मुलाला जेवण, कपडे, प्रेम मिळालं की झालं. पण कागद नसलेलं मूल या देशात अठरा वर्षांचं झालं की अडकतं. जातीचा दाखला घ्या. वडिलांच्या बाजूचा पुरावा लागतो, आणि तोही भटक्या-विमुक्तांसाठी १९६१ च्या आधीचा, इतर मागासवर्गीयांसाठी १९६७ च्या आधीचा. ज्या मुलाला वडिलांचा चेहरा आठवत नाही त्यानं आजोबांचा शाळेचा दाखला कुठून आणायचा, आणि आजोबा तर पालावर जन्मले, पालावर मेले. अनाथांसाठी राज्यानं २०१८ साली एक टक्का आरक्षण दिलं. संस्थेत वाढलेल्या अमृता करवंदे या मुलीनं लोकसेवा आयोगाच्या परीक्षेनंतर आपल्यापुढं उभी राहिलेली अडचण सरकारदरबारी नेली, त्यातून ते घडलं. फार मोठं काम झालं. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं. जिची आई जिवंत आहे पण दहा वर्षांत फिरकलेली नाही, ती मुलगी अनाथही ठरत नाही आणि आईच्या जातीचा दाखलाही तिला मिळत नाही. अशा मुली आमच्याकडे आहेत. त्यांच्यासाठी समितीचे आदेश, तहसीलचे पंचनामे, गावच्या पोलिसपाटलाचे जबाब जमवत बसणं हेच आमचं काम, आणि ते मूल दहावीत गेल्यावर सुरू करून चालत नाही. ते दाखल झाल्याच्या महिन्यात सुरू करावं लागतं, जोवर गावात त्याच्या घरच्यांना ओळखणारी म्हातारी माणसं आहेत.

जन्मतारखेचंही तसंच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकलेली असते. आपल्या खेड्यापाड्यांतल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला येतो, त्यात नवल नाही. पण बालगृहात त्या तारखेला एक भयंकर अर्थ आहे. त्या दिवशी मूल अठरा पूर्ण करतं आणि कायद्यानं मूल राहत नाही. बारावीचा निकाल नुकताच लागलेला असतो किंवा लागायचा असतो, कॉलेजचे अर्ज सुरू व्हायचे असतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्याला पेटी आवरायची असते. अठरानंतरच्या मुलांसाठीच्या अनुरक्षणगृहात एकवीस वर्षांपर्यंत राहता येतं, पण राज्यात अनुरक्षणगृहं थोडी, आणि मुलींसाठी आणखी थोडी. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून अनुरक्षणासाठी महिना चार हजार रुपयांची तरतूद आहे. अर्ज आधी गेला असेल तर ते पैसे उपयोगी पडतात, नाही तर पहिला हप्ता येईपर्यंत मुलगा सुपे एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागलेला असतो किंवा लग्नाच्या हंगामात केटरिंगवाल्याबरोबर फिरत असतो. कष्टाच्या कामाला मी कमी लेखत नाही. ज्याला आयटीआयला जायचं होतं तो केवळ एका महिन्याच्या निवाऱ्याअभावी गेला नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हणून सतराव्या वर्षी, जानेवारीतच, प्रत्येक मुलाशी बसून बोलायचं ठरवलं आहे. कुठं राहणार, कोणाला फोन करणार, आजारी पडलास तर दवाखान्यात तुझ्या नावापुढं नातेवाईक म्हणून कोणाचं नाव लिहायचं. या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक मुलं गप्प होतात.

करोनाच्या वेळी एक गोष्ट उघड झाली. ३ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं बालगृहांतल्या मुलांच्या सुरक्षिततेसाठी आदेश दिले. शक्य असेल त्या मुलांना घरी पाठवता येईल का, हे समित्यांनी पाहावं, असं त्यात होतं. महिन्यांचं काम दिवसांत झालं. फोनवर चौकशी झाली, व्हिडिओ कॉलवर समितीनं पालकांना पाहिलं, मुलं गेली. म्हणजे घर होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्रीय बालहक्क आयोगानं महाराष्ट्रासह आठ राज्यांना पत्र लिहून संस्थांतली मुलं शंभर दिवसांत घरी पोहोचवायचा विषय मांडला. ती घाई मला पटली नव्हती आणि आजही पटत नाही. घरी पाठवलेल्या मुलाकडे पुन्हा कोणी गेलं नाही तर ते फडावर जातं, नाही तर पंधराव्या वर्षी बोहल्यावर. दार उघडून मुलाला बाहेर काढणं म्हणजे पुनर्वसन नव्हे. पण घर शोधायला मनापासून बसलं तर ते सापडतं, एवढं त्या वर्षानं दाखवून दिलं.

जिल्ह्यांच्या हद्दी हा आणखी एक त्रास. २०२२ च्या सप्टेंबरात इगतपुरी तालुक्यातल्या उभाडे इथल्या कातकरी वस्तीतली एक लहान मुलगी दगावली आणि मग बाहेर आलं की त्या भागातली मुलं नगर आणि नाशिक जिल्ह्यांत मेंढपाळांकडे राबायला ठेवलेली होती. आईवडिलांना त्या बदल्यात एखादी मेंढी आणि थोडे पैसे मिळत. मूल एका जिल्ह्याचं, काम दुसऱ्या जिल्ह्यात, आणि मेंढरं तर ठिकठिकाणी बसतात. अशा मुलाची नोंद कोणी करायची? उसाचंही तेच. आमच्या पाथर्डीचा कोयता पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतो आणि आमच्या संगमनेर-कोपरगावच्या कारखान्यांवर दुसऱ्या जिल्ह्यांचे कोयते येतात. एकाच वेळी आमची मुलं बाहेर आणि बाहेरची मुलं आमच्याकडे. समितीची हद्द मात्र जिल्ह्यापाशी संपते. शेजारच्या जिल्ह्यातल्या संरक्षण अधिकाऱ्याचा मोबाईल नंबर आपल्या फोनमध्ये असणं, आणि त्यांनी तो उचलणं, यावर अशा मुलांचं नशीब ठरतं.

नगरला मायेची कमतरता कधीच नव्हती. १८९९-१९०० च्या दुष्काळात अमेरिकन मराठी मिशननं इथं निराधार मुलं सांभाळली. १९८९ साली गिरीश कुलकर्णी आणि त्यांच्या तरुण मित्रांनी शहरातल्या लालबत्ती वस्तीतल्या मुलांसाठी स्नेहालय सुरू केलं. शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे या दांपत्यानं रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांना आणि त्यांच्या लेकरांना घर दिलं. अकोले इथल्या हेरंब कुलकर्णी यांनी करोनात नवरा गेलेल्या एकल महिलांसाठी राज्यभर माणसं जोडली. हे शेवटचं काम मला आमच्या कामाच्या सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण आई उभी राहिली तर मूल बालगृहापर्यंत येतच नाही.

हिशोबच पाहा. मिशन वात्सल्यखाली बालगृहातल्या एका मुलामागं महिना तीन हजार रुपये अनुदान धरलेलं आहे. घरीच राहणाऱ्या, एक पालक गमावलेल्या मुलासाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून २०२३ पासून महिना २,२५० रुपये मिळतात. त्याआधी ते १,१०० होते आणि २०२१ पूर्वी तर ४२५. म्हणजे घरी ठेवण्याचा खर्च कमी आणि मुलाचं भलं जास्त. तरी विधवा बाई गावातल्या पुढाऱ्याकडे जाते तेव्हा तो तिला सांगतो, "पोरांना होस्टेलला टाक, सगळं फुकट असतं." बालसंगोपनचा अर्ज आहे हे त्यालाही ठाऊक नसतं. पैसे वेळेवर जमा होत नाहीत ही तक्रार गावोगावी ऐकू येते आणि ती खरी आहे. पाच-सहा महिन्यांचे एकदम आले तर बाईला दर महिन्याच्या किराण्याला त्यांचा काय उपयोग? तो हप्ता दर महिन्याला पडला पाहिजे, इतकी साधी मागणी आहे, आणि ती मी जिथं बोलायची संधी मिळेल तिथं करते.

वाचकांपैकी कित्येक जण मुलांचा वाढदिवस, आईवडिलांचं श्राद्ध किंवा लग्नाचा पंचविसावा बालगृहात साजरा करतात. येत राहा, मुलांना माणसं हवी असतात. फक्त त्यांचे फोटो काढून समाजमाध्यमांवर टाकू नका. संस्थेतल्या मुलांची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे, आणि शाळेत तोच फोटो दाखवून त्यांना चिडवलं जातं. त्याहून महत्त्वाचं सांगते. तुमच्या गावात, तुमच्या गल्लीत, तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्यांत नवरा गेलेली किंवा टाकलेली एखादी बाई असेल. तिला बालसंगोपन योजनेबद्दल विचारा. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात मिळतो. त्याला आधारकार्डं, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, मुलांचे शाळेचे दाखले आणि बँक पासबुकाची झेरॉक्स जोडावी लागते. मजुरी बुडवून हे सगळं एकटीनं जमवणं तिला होत नाही, म्हणून अर्ज राहून जातो. एक दिवस तिच्यासोबत तहसीलला जा.